कुलूप लावताना उघडायची तारीखही सांगा

मार्च 2021 च्या अखेरीस नाशिकच्या मेनरोडवर खरेदीला शिरायचं तर पाच रुपयांची पावती घ्यावी लागत होती. पावती एका तासाची. तासाच्या वर रेंगाळलात तर पाचशे रुपये दंड. कोरोनाचे देशातले सर्वाधिक रुग्ण असलेल्या दहा जिल्ह्यांत तेव्हा नाशिकचं नाव होतं. बाजार बंद केला तर हातावर पोट असलेल्यांचं काय, हा प्रश्नही खरा होता. म्हणून मधला मार्ग निघाला: बाजार चालू, गर्दीला लगाम. तो लगाम किती टिकला हा वेगळा विषय. मला त्या पावतीचं महत्त्व वाटतं ते दुसऱ्याच कारणाने. बाजार बंद ठेवून भागणार नाही, हे मान्य करून कुणीतरी डोकं चालवलं होतं. रस्ते कुठे अडवायचे, पावती कुणी फाडायची, माणसाला किती वेळ द्यायचा, याचा विचार झाला होता. शाळेसाठी एवढं डोकं कुणी चालवलं नाही. ती बंद होती आणि बंदच राहणार, हे सगळ्यांनी धरून चाललेलं होतं.

मी महापालिकेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. शाळा नाशिकच्या सातपूर-अंबड या कारखान्यांच्या पट्ट्यातली. मुलांचे वडील कंपनीत कंत्राटी कामगार, नाहीतर बांधकामावर, नाहीतर भाजीच्या गाडीवर. आया धुणीभांडी करणाऱ्या किंवा पॅकिंगच्या कामाला जाणाऱ्या. साथ आली तर शाळा बंद करावी की नाही, या प्रश्नाकडे मी या मुलांच्या बाजूने बघते, आणि माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. साथीत शाळा बंद करायची वेळ येऊ शकते. आली तर करावी. पण रोग अगदीच अनोळखी असतो ते पहिले काही आठवडे सोडले, तर शाळा सगळ्यात शेवटी बंद व्हावी आणि सगळ्यात आधी उघडावी. आणि कुलूप लागेल त्याच दिवशी, ते कधी काढायचं याचा विचार कोणत्या तारखेला होणार, हे पालकांना कळलं पाहिजे.

मार्च 2020 बद्दल माझी काहीच तक्रार नाही. 13 मार्चला राज्याने साथरोग कायदा लागू केला आणि लगेच शहरांमधल्या शाळा 31 मार्चपर्यंत बंद झाल्या. विषाणू नवा होता. मुलांना तो किती होतो, मुलांकडून किती पसरतो, कुणालाच ठाऊक नव्हतं. आधीचा अनुभव होता तो फ्लूचा, आणि फ्लू शाळेतून घरोघर जातो. 2009 साली स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला तो पुण्यातल्या चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा. तेव्हाही पुण्यातल्या शाळा बंद ठेवल्या होत्या. मार्च संपता संपता लासलगावकडे जिल्ह्यातला पहिला रुग्ण सापडला आणि एप्रिल-मे महिन्यांत मालेगावची काय अवस्था झाली ती सगळ्यांनी पाहिली. त्या दिवसांत कुणी शाळा उघडा म्हणालं असतं, तर मीच विरोध केला असता.

तो कायदाही जुनाच, 4 फेब्रुवारी 1897 चा. मुंबई-पुण्यात प्लेग पसरला म्हणून इंग्रज सरकारने घाईघाईने केलेला. त्यानंतर पाचच आठवड्यांनी, 10 मार्चला, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. मुंढव्याच्या एका आजारी पोराला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या होत्या. आमच्या शाळेत दरवर्षी 10 मार्चला त्यांच्या तसबिरीला हार घालतो, तसा 2020 मध्येही घातला. त्याच आठवड्यात शाळा बंद झाल्या.

खरा प्रश्न पुढचा आहे. पंधरा दिवसांसाठी लावलेलं कुलूप दीड वर्षावर कसं गेलं?

तारखा बघा. 5 ऑक्टोबर 2020 ला राज्यात हॉटेलं आणि बार उघडले. नोव्हेंबरच्या सुरुवातीला नाट्यगृहं आणि चित्रपटगृहं निम्म्या क्षमतेने सुरू झाली. पाडव्याला, 16 नोव्हेंबरला, मंदिरं उघडली. नववी ते बारावीला 23 नोव्हेंबरपासून परवानगी मिळाली, पण आपल्या जिल्ह्याने ती जानेवारीवर ढकलली. 15 जानेवारी 2021 ला राज्यभर ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या, प्रचारासकट. पाचवी ते आठवीचे वर्ग 27 जानेवारीला कुठे सुरू झाले, तोवर दुसरी लाट आली. पुढे 4 ऑक्टोबरला शहरात आठवी आणि त्यावरचे वर्ग उघडले. पहिलीपासून परवानगी मिळायला 1 डिसेंबर 2021 उजाडला, आणि तीही नाशिक शहराने आणखी काही दिवस लांबवली. 3 ते 5 डिसेंबरला आपल्या शहरात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. मार्चमध्ये साथीमुळे पुढे ढकललेलं संमेलन पार पडलं याचा मला आनंदच झाला. पण ज्या भाषेचा तो उत्सव होता, ती भाषा वाचायला शिकायची वाट बघत शहरातली पहिली-दुसरीची पोरं तेव्हाही घरीच होती.

जून 2020 मध्ये पहिलीत दाखल झालेल्या मुलाने वर्ग आतून पाहिला तो दुसरीत गेल्यावर. त्यातही जानेवारी 2022 मध्ये ओमायक्रॉन आला, शाळा पुन्हा बंद झाल्या. तेव्हा मात्र लोक बोलायला लागले होते, आणि 24 जानेवारीपासून परत परवानगी मिळाली. आवाज उठल्यावर काय होतं ते तेव्हा दिसलं. आमच्या वस्तीतल्या पालकांचा आवाज त्याआधी दीड वर्ष कुठेच पोचला नव्हता.

घरी ठेवलं की मूल सुरक्षित, या समजुतीवर सगळा डोलारा उभा होता. ती समजूत तीन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये खरी असेल. आमच्या मुलांचं घर म्हणजे दहा बाय दहाची खोली. एका कोपऱ्यात ओटा, दुसऱ्यात मोरी, मध्ये जागा उरेल तिथे पाच-सहा माणसं. कंपन्या मे-जूनपासूनच हळूहळू सुरू झाल्या होत्या. बाप थर्ड शिफ्ट करून सकाळी यायचा आणि त्याच खोलीत झोपायचा. तो झोपलेला म्हणून पोरं बाहेर काढलेली. दिवसभर चाळीच्या बोळात, नळाच्या रांगेत, किराणा दुकानाच्या पायरीवर. मास्क नाही, कुणाचं लक्ष नाही. आई कामाला गेली की धाकटी दोघं शेजारच्या आजीकडे. ज्या आजीला जपायचं म्हणून शाळा बंद केली, तिच्याच मांडीवर मूल नेऊन बसवलं आपण.

हे नुसतं माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं नाही. जून-जुलै 2021 मध्ये आयसीएमआरने, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, देशभर रक्ताच्या नमुन्यांची चौथी पाहणी केली. सहा ते नऊ वर्षांच्या मुलांपैकी 57.2 टक्के मुलांच्या रक्तात कोरोनाची प्रतिपिंडं (अँटीबॉडी) सापडली. ही मुलं वर्षाहून जास्त काळ शाळेत गेलेली नव्हती, आणि तरी निम्म्याहून जास्त मुलांना संसर्ग होऊन गेला होता, बहुतेकांना कळलंसुद्धा नाही. त्याच सुमारास आयसीएमआरचे तेव्हाचे महासंचालक बलराम भार्गव यांनी सांगितलं की शाळा उघडायच्या तर प्राथमिकपासून सुरुवात करणं शहाणपणाचं ठरेल. आपण बरोबर उलटं केलं. बारावी आधी, पहिली शेवटी. मोठ्या मुलांच्या बोर्डाच्या परीक्षा असतात म्हणून त्यांची काळजी सगळ्यांना. पहिलीतल्या मुलाची कसली परीक्षा!

बाहेरच्या देशांत काय घडत होतं तेही तोवर समोर आलं होतं. स्वीडनने 2020 च्या वसंतात सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या शाळा चालूच ठेवल्या. तिथल्या एक ते सोळा वयाच्या साडेएकोणीस लाख मुलांपैकी मार्च ते जून या काळात कोविडने अतिदक्षता विभागात दाखल झाली ती पंधरा. त्यांत एकही दगावलं नाही. पण गोष्ट तिथे संपत नाही, आणि शाळा उघडा म्हणणारी माणसं पुढचं सांगत नाहीत याचा मला राग येतो. त्याच स्वीडनमध्ये वर्गात उभं राहून शिकवणाऱ्या शिक्षकांना संसर्ग होण्याचं प्रमाण घरून ऑनलाइन शिकवणाऱ्या शिक्षकांच्या दुप्पट निघालं. पालकांमध्येही ते थोडं वाढलं होतं. इस्रायलने मे 2020 मध्ये शाळा उघडल्या आणि थोड्याच दिवसांत जेरुसलेममधल्या एका शाळेत 153 विद्यार्थी आणि 25 कर्मचारी बाधित झाले. उन्हाची लाट आली म्हणून मुलांना मास्कमधून सूट दिली होती, पस्तीस-पस्तीस मुलं एका वर्गात, खिडक्या बंद आणि एसी दिवसभर चालू.

म्हणजे शाळा उघडण्यात धोका आहे. तो मुलांपेक्षा मोठ्यांना जास्त आहे, आणि वर्ग कसा भरवता यावर तो बराच अवलंबून आहे. आमच्या शाळेत एसी कुठला? खिडक्यांना गज आहेत, काचा नाहीत. समोर लांबलचक व्हरांडा, मागे पिंपळ असलेलं मैदान. निम्मी मुलं एक दिवस, निम्मी दुसऱ्या दिवशी, व्हरांड्यात आणि पिंपळाखाली बसवून दोन तास शिकवणं सहज शक्य होतं. मुलांच्या त्या दहा बाय दहाच्या खोल्यांपेक्षा आमचा व्हरांडा केव्हाही मोकळा होता.

1918 च्या फ्लूत न्यूयॉर्कचे आरोग्य आयुक्त रॉयल कोपलँड यांनी हाच हिशेब मांडला होता. शहरात जवळपास दहा लाख शाळकरी मुलं, त्यांतली तीन चतुर्थांश दाटीवाटीच्या चाळीत राहणारी. त्या कोंदट खोल्यांपेक्षा हवेशीर वर्गात, रोज डॉक्टर-नर्सच्या नजरेखाली मुलं जास्त सुरक्षित राहतील, असं म्हणून त्यांनी शाळा चालू ठेवल्या. बरीच टीका झाली त्यांच्यावर. दुसऱ्या बाजूला सेंट लुईस शहराने शाळा, चर्च, थिएटरं सगळं एकदम आणि लवकर बंद केलं, आणि फिलाडेल्फियापेक्षा तिथली मृत्यूंची लाट कितीतरी खाली राहिली. फिलाडेल्फियाने सप्टेंबरअखेर लाखो माणसांची मिरवणूक निघू दिली होती. अमेरिकेतल्या त्रेचाळीस शहरांच्या नोंदी पुढे तपासल्या गेल्या, तेव्हा दिसलं ते असं की ज्यांनी बऱ्याच गोष्टी एकाच वेळी, लवकर आणि पुरेसे दिवस बंद ठेवल्या, त्यांना त्याचा उपयोग झाला. सगळ्यांबरोबर शाळा बंद केली तर साथीला खीळ बसते. बाजार चालू, कंपनी चालू, लग्नं चालू आणि एकटी शाळा बंद, यातून साथीला काय खीळ बसणार?

शिक्षकांचं बोलते, कारण आमच्याबद्दलही खूप बोललं गेलं. घरी बसून पगार खातात, असं लोक तोंडावर म्हणायचे. सप्टेंबर 2020 मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली, तेव्हा आम्ही गळ्यात ओळखपत्र अडकवून, एका हातात ऑक्सिमीटर आणि दुसऱ्या हातात तापमापक घेऊन गल्ल्या पालथ्या घातल्या. प्रत्येक दारात उभं राहून खोकला आहे का, ताप आहे का, विचारत होतो. ज्या दारात मी विद्यार्थ्याच्या आईचं बोट धरून ऑक्सिमीटरमध्ये सारत होते, त्याच दाराच्या आत ते मूल उभं असायचं. "बाई, शाळा कधी?" त्याच्याशी बोलणं धोक्याचं नव्हतं, वही उघडून बसणं मात्र धोक्याचं होतं!

दुसऱ्या लाटेत आमच्यातला एक सहकारी गेला. गणित शिकवायचा; नाक्यावरची ड्यूटी करून आला आणि चौथ्या दिवशी ताप आला. एप्रिल 2021 मधलं नाशिक ज्यांनी पाहिलं त्यांना मी वेगळं काही सांगायला नको. बेडसाठी फोन, ऑक्सिजनसाठी फोन, रेमडेसिव्हिरसाठी रांगा. 21 एप्रिलला महापालिकेच्या रुग्णालयात टाकीची गळती होऊन ऑक्सिजनचा पुरवठा तुटला आणि बावीस माणसं दगावली, त्याच आठवड्यात आम्ही त्याला निरोप दिला, तोही लांबून. त्यामुळे शिक्षकांनी थोडा धोका पत्करायला काय हरकत आहे, असं कुणी आरामात बसून म्हणालं तर ते मला सहन होत नाही.

पण धोका कमी करायचा मार्ग होता ना. 16 जानेवारीला आरोग्य कर्मचाऱ्यांना लस सुरू झाली, फेब्रुवारीत पोलीस आणि सफाई कामगारांना, मार्चपासून वयाप्रमाणे. शाळा अत्यावश्यक मानली असती तर शिक्षक, शिपाई, पोषण आहार शिजवणाऱ्या ताई, अंगणवाडी सेविका हे सगळे फेब्रुवारीच्याच रांगेत उभे राहिले असते. शिक्षक दिनाच्या आत सगळ्या शिक्षकांचं लसीकरण करा, असं केंद्राने राज्यांना सांगितलं ते ऑगस्ट 2021 च्या शेवटच्या आठवड्यात. तोवर आमचा सहकारी जाऊन चार महिने झाले होते.

आता घरी काय शिकणं झालं ते. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' असं राज्याने जाहीर केलं होतं. आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर रोज अभ्यास टाकत होतो, पण घरातला एकुलता एक स्मार्टफोन बापाबरोबर कंपनीत जायचा. तो रात्री नऊला घरी यायचा तेव्हा मूल पेंगुळलेलं, आणि डेटा संपलेला. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झालं तो खरंच चांगला प्रयत्न होता, कारण टीव्ही बऱ्याच घरांत होता. जी मुलं ती मालिका बघायची ती निदान कविता गुणगुणायची. पण टीव्हीला तुमची वही दिसत नाही. ऑगस्ट 2021 मध्ये पंधरा राज्यांतल्या आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या गरीब वस्त्यांमधल्या सुमारे चौदाशे मुलांची पाहणी झाली. त्यात खेड्यातली फक्त 8 टक्के मुलं नियमित ऑनलाइन शिकत होती, आणि 37 टक्के मुलं काहीच शिकत नव्हती. शहरातही नियमित शिकणारी मुलं चौघांत एक इतकीच निघाली.

शाळा उघडल्यावरचा पहिला आठवडा माझ्या मनातून जात नाही. चौथीच्या वर्गात एक मुलगी होती. शाळा बंद झाली तेव्हा दुसरीत होती आणि बऱ्यापैकी वाचायची. तिला मी दुसरीचंच पुस्तक दिलं. तिने बोट ठेवलं पहिल्या अक्षरावर आणि ते तिथेच ठेवून वर माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "वाच." साधी अक्षरं तिने एकेक सुटी करून म्हटली. 'प्रकाश' आला तेव्हा बोट थांबलं. मग हळूच म्हणाली, "पकाश." पुढे 'क्षितिज' होतं. तिने तो शब्द सोडून दिला आणि बोट पुढच्या ओळीवर नेलं, मला दिसणार नाही अशा बेताने. पूर्वी ती चुकायची तेव्हा हसायची. आता तिला लाज वाटत होती. लिहायला सांगितलं तर पेन्सिल मुठीत धरली. दुसरीत असताना ती दोन बोटांत आणि अंगठ्यात नीट धरायची, मीच शिकवलं होतं.

ती एकटी असती तर मी तिला रोज थांबवून घेतलं असतं. वर्गच तसा होता. 2018 साली देशाच्या ग्रामीण भागात तिसरीतल्या 27.3 टक्के मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत होता. 2022 च्या 'असर' या ग्रामीण मुलांच्या शिक्षणाच्या पाहणीत हा आकडा 20.5 वर आला. आधीच कमी होता, त्यात आणखी पडला. त्याच पाहणीत शाळेत नाव असलेल्या मुलांचं प्रमाण वाढलेलं दिसतं, म्हणजे मुलं शाळा सोडून कुठे गेली नाहीत, परत आली. त्यांना यायचंच होतं.

सगळीच आली असं मात्र नाही. आमच्याकडची काही कुटुंबं पेठ-सुरगाण्याकडून आलेली. शाळा नाही म्हटल्यावर मुलांना शहरात ठेवायचं कशाला? आई-बाप द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरी-निफाडला गेले, मुलंही गेली. छाटणी, डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, मग खुडा. दहा-बारा वर्षांच्या हातांना बागेत काम मिळतं, आणि एकदा मिळालं की ते हात परत वहीकडे आणणं फार अवघड. आणि लग्नं. पंचवीस-पन्नास माणसांत, अंगणात, जेवणावळीचा खर्च न करता उरकून टाकायची सोय झाली होती. सातवी होऊन आमच्याकडून गेलेल्या एका मुलीचं त्यात उरकलं. मला कळलं तेव्हा ती सासरी पोचलेली होती. शाळा चालू असती तर तिच्या बाईंना ती दोन दिवस आली नाही हे दिसलं असतं, आणि आम्ही घरी गेलो असतो. मुलगी गैरहजर आहे हे रोज कुणीतरी वहीत टिपतं, याने किती मुली वाचतात ते शाळा बंद पडल्याशिवाय कळत नाही.

या सगळ्यावर मला सगळ्यात खरा प्रश्न विचारला तो एका आजीने. ऑगस्ट 2021 मध्ये पोषण आहाराचा कोरडा शिधा वाटप होता. व्हरांड्यात तांदळाचं पोतं उघडलेलं, काट्यावर मोजून पिशवीत, सोबत कडधान्य. खडूच्या चौकोनांत बायका उभ्या. मी म्हणाले, "आजी, आता शाळा उघडायला पाहिजे बघा." ती म्हणाली, "उघडा की बाई. पण हे पोरगं रोज माझ्या कुशीत झोपतंय. माझं काय?"

स्वीडनमधल्या आजीला हा प्रश्न इतक्या टोकाचा नसावा, ती बहुधा वेगळ्या घरात राहते. आपल्याकडे तीन पिढ्या एका गोधडीत झोपतात, आणि आजीचा जीव हा पहिलीच्या अभ्यासाइतकाच मोलाचा आहे. तिला मी तेव्हा एवढंच विचारलं, लस झाली का? झाली नव्हती. नोंदणी ऑनलाइन, स्मार्टफोन नाही, केंद्रावर पहाटे जाऊन रांग लावायची तर भाजीची गाडी कोण लावणार? ती रोज सकाळी भाजी विकायला बसत होती, दिवसाला शंभर माणसांशी बोलत होती. तिला जपायचं तर तिच्या वस्तीत लस न्यायला हवी होती, आणि ती शाळेतच देता आली असती. नातवाचा हात धरून आजी आली असती. दोघांचं काम एकाच व्हरांड्यात झालं असतं. पुढे काही ठिकाणी शाळांमध्ये लसीकरण झालंही. ते आधी झालं असतं तर आजीचा प्रश्न आणि मुलांची शाळा हे एकमेकांच्या विरोधात उभे राहिले नसते.

प्रत्येक रोगाला एकच उत्तर नसतं, हेही लिहायला हवं. नोव्हेंबर 2022 मध्ये मालेगावात गोवर पसरला. गोवरात मुख्यतः मुलंच आजारी पडतात आणि मुलंच रोग पसरवतात. तिथे पुरळ उठलेलं मूल घरी राहिलंच पाहिजे आणि लस राहिलेली मुलं शोधलीच पाहिजेत. सप्टेंबर 2023 मध्ये केरळात कोळिकोडला निपाह आढळला, तर तिथल्या शाळा थोडे दिवस बंद झाल्या, संसर्ग थांबला आणि त्या उघडल्या. पलीकडे नगर जिल्ह्यात हिवरे बाजारने 15 जून 2021 लाच शाळा सुरू केली, कारण त्यांनी घरोघर तपासणी करून आपलं गाव मोकळं केलं होतं. जुलैमध्ये सरकारने महिनाभर रुग्ण नसलेल्या गावांना आठवी आणि त्यावरचे वर्ग उघडायला परवानगी दिली. गावाला जो हिशेब लागू होतो तो शहरातल्या प्रभागाला का नाही? सुखवस्तू गंगापूर रोडला आणि आमच्या पट्ट्याला एकच कुलूप का? वस्तीत रुग्ण किती, रुग्णालयात खाटा किती रिकाम्या, शिक्षकांची लस झाली का, एवढं बघून दर पंधरा दिवसांनी निर्णय बदलता येतो.

हे आत्ता लिहायचं कारण आहे. 2027 चा नाशिकचा सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आहे. रस्ते, पूल, घाट, साधुग्राम, पार्किंग, सगळ्यांचे आराखडे होत आहेत. सिंहस्थात शाळांच्या इमारती बंदोबस्ताच्या पोलिसांना मुक्कामाला दिल्या जातात, पर्वणीला सुट्टी मिळते, हे नाशिककरांना नवीन नाही, आणि त्याला माझी हरकतही नाही. काही दिवसांचा प्रश्न असतो. पण एवढी माणसं एका शहरात येणार तर आरोग्याचा आराखडा होईलच, साथीचं प्रकरणही त्यात असेल. हरिद्वारचा कुंभ एप्रिल 2021 मध्ये झाला होता, हे आराखडा करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. त्या प्रकरणात शाळांसाठी एक पान असावं, असं मला वाटतं. शाळा बंद करायचा अधिकार कुणाचा, जास्तीत जास्त किती दिवसांसाठी, मुदत वाढवायची तर कारण लेखी कोण देणार, आणि लहान वर्ग आधी उघडायचे हे स्पष्ट.

आमच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या मागच्या बैठकीत मी हे चार मुद्दे मांडले. एका वडिलांनी हात धुवायच्या नळांचा विषय काढला. सहापैकी दोन चालू आहेत, आणि ते बोलले ते बरोबरच होतं. पॅकिंगला जाणारी एक आई मागे बसली होती. ती म्हणाली, "मॅडम, आणखी एक घाला. शाळा बंद केली तरी जेवण बंद करायचं नाही. कोरडं नको, शिजवलेलं. आम्ही डबा घेऊन येऊ." मुख्याध्यापकांनी तो पाचवा मुद्दा म्हणून ठरावात घेतला. ठराव शिक्षण विभागाकडे गेला आहे. दुसऱ्या समित्यांनीही असे ठराव करून पाठवावेत, म्हणून हे सगळं लिहिलं.